डोरोथीच्या एकोणीस पुंगळ्या

अमेरिकेत तुम्ही काय काम करत होतात, असं कुणी विचारलं की मी आधी समोरच्याचा चेहरा बघते. चेहरा समजूतदार वाटला तर खरं सांगते. नाही वाटला तर "मशीन शॉपमध्ये होते" म्हणून मोकळी होते, आणि ते काही खोटंही नाही. खरं सांगायचं तर मी नऊ वर्षं रायफलच्या वापरलेल्या, रिकाम्या पुंगळ्यांची तोंडं साफ करत होते. हे ऐकून ओहायोतल्या डब्लिन गावच्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी हातातला बटाटेवडा बशीत परत ठेवला होता.

"बंदुकीच्या?" त्यांनी विचारलं.

"हो काकू, बंदुकीच्याच. पण घरी आणत नाही," मी म्हटलं. त्यानंतर बरेच दिवस त्या माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होत्या.

त्याआधी नागपूरकडे असताना मी एका दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीला होते. ट्यूबलाइटखाली लांब टेबलं, टेबलाला चाळीस बायका, आणि समोरून सरकत जाणारं पितळ. ओरखडा, चीर, पोचा दिसला की बाजूला काढायचं. अकरा वर्षांत नजर अशी तयार झाली की लग्नाच्या पंगतीत बसले तरी ताटाला पोचा आहे का ते आधी दिसायचं. मग सुधाकरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ओहायोत नोकरी लागली आणि नव्वद सालच्या आसपास आम्ही कोलंबसजवळ येऊन पडलो. ग्रीन कार्ड येईपर्यंत मला नोकरी करायची परवानगी नव्हती. ती तीन वर्षं मी घरातल्या चमच्यांची तपासणी करत काढली असं म्हटलं तरी चालेल.

परवानगी आल्यावर एका गावठी पेपरात दोन ओळींची जाहिरात दिसली. पितळेच्या पुंगळ्या तयार करायला माणूस हवा, नजर चांगली हवी. मी ती कापून फ्रिजवर लावली.

"अगं, वेडी का तू? गन शॉपमध्ये जॉब करणार?" सुधाकर म्हणाला.

"गन शॉप नाही. पुंगळ्यांचं शॉप."

"डिफरन्स काय आहे त्यात?"

"तिथे बंदूक नाही, हाच."

घरापासून पाऊण तास गाडी हाणली की मक्याच्या शेतांमध्ये एक पत्र्याचं दुकान होतं. मालकाचं नाव अर्ल. सत्तरीचा, उंच, मोठ्या कारखान्यातून डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवणारा कारागीर म्हणून निवृत्त झालेला, पण हे दुकान त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. वयानं तो माझ्या वडलांसारखा, पण इंग्रजीत अहो-जाहो नाही, म्हणून माझ्या तोंडी तो पहिल्या दिवसापासून "तो"च राहिला. त्यानं टॉवेलवर वीस पुंगळ्या ओतल्या आणि यातली खराब काढ म्हणाला. मी एक काढली, तिच्या मानेला केसाएवढी चीर होती. मग आणखी एक काढली. ती त्यानं खिडकीपाशी नेली, भिंगातून पाहिली, आणि विचारलं, "सोमवारपासून येशील?" ती दुसरी त्याला स्वतःला माहीत नव्हती, हे मला नंतर कळलं.

आता हे काम काय ते सांगते, कारण आपल्याकडे कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. नेमबाजीच्या स्पर्धेत उतरणारी माणसं तयार काडतुसं विकत घेत नाहीत, स्वतः भरतात. गोळी उडून जाते, दारू जळून जाते, पण पितळेची पुंगळी मागे राहते आणि ती पुनःपुन्हा भरता येते. मात्र एकदा उडाली की ती फुगते. तिला डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणलं की पितळ पुढे सरकतं आणि मान लांब होते, प्रत्येकीची वेगवेगळी. म्हणून सगळ्यांची तोंडं हातानं फिरवायच्या छोट्या लेथवर एका लांबीला कापायची. कापल्यावर कडेला बारीक काटेरी पितळ उरतं, त्याला आम्ही बर म्हणतो. बाहेरून बर काढायची आणि आतून कड किंचित तिरकी करायची, याला चॅम्फर म्हणतात. म्हणजे गोळी बसवताना खरवडत नाही, सरळ आत जाते. हे चॅम्फरचं अवजार अंगठ्याएवढं असतं. ते पुंगळीच्या तोंडात धरायचं आणि बोटांनी फिरवायचं. बस.

कारखान्यात आणि इथे फरक एकच होता, पण तो समजायला मला वर्ष गेलं. कारखान्यात माप दोन रेषांच्या मध्ये असलं की माल पास. इथे नुसतं पास होऊन भागत नव्हतं. पन्नासच्या पन्नास एकसारख्या लागायच्या. एखादी कमी चांगली असली तरी चालेल, पण सगळ्या तेवढ्याच कमी चांगल्या पाहिजेत, असं अर्ल म्हणायचा. आणि कापलेलं पितळ परत जोडता येत नाही, हे तर दोन्हीकडे सारखंच.

मी ज्या खुर्चीवर बसायचे ती डोरोथीची होती. डोरोथी म्हणजे अर्लची बायको. तीस वर्षं तिनं हे काम केलं आणि मी येण्याच्या आदल्या वर्षी ती गेली. खुर्चीवर तिची चौकड्यांची उशी होती, खिळ्याला तिचा एप्रन होता. चॅम्फरच्या अवजाराची पकड तिच्या बोटांनी झिजून एका बाजूला चपटी झाली होती. माझी बोटं तिथे बसेनात. सुरुवातीला मी जिथे धरायचे तिथे मला दुखायचं आणि जिथे दुखत नव्हतं तिथून फिरवता यायचं नाही.

आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचा डॉक्टर. माझ्या हातची पहिलीच पेटी त्यानं परत आणली. "या डोरोथीच्या नाहीत," म्हणाला. मला असा राग आला! मेली पुंगळी ती, तिच्यावर काय नाव लिहिलंय? मी व्हर्नियर घेऊन त्याच्यासमोर दहा मापून दाखवल्या, सगळ्या बरोब्बर. तो शांतपणे म्हणाला, "लांबी बरोबर आहे. तोंड बरोबर नाही."

तो गेल्यावर अर्ल म्हणाला, "पॅम, तू तीन फिरक्या देतेस." प्रमिलाचं पॅम त्यानं दुसऱ्याच दिवशी करून टाकलं होतं. "ती अडीच द्यायची."

"तुला काय माहीत मी किती देते?"

"पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. तीस वर्षं तेच ऐकलंय."

तिसरी फिरकी दिली की कड पात्यासारखी धारदार होते आणि पुंगळी लवकर चिरते. दोन दिल्या तर गोळी खरवडते. अडीच. दोन पुऱ्या आणि मग मनगटाची अर्धी वळणी, दाब सोडत सोडत. आठ महिने लागले मला. मग एके दिवशी डेंटिस्ट आला, पेटी उघडली, एका पुंगळीच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि काहीही न बोलता पेटी घेऊन गेला. एवढं मोठं सर्टिफिकेट मला आयुष्यात दुसरं मिळालेलं नाही.

डोरोथीला मी कधी पाहिलं नाही. पण गिऱ्हाइकांच्या कार्डांवर मागच्या बाजूला ती पेन्सिलीनं काहीबाही लिहून ठेवायची. एकाच्या कार्डावर होतं, "घाईत असतो, कॉफी विचारू नये." दुसऱ्याच्या, "बायको गेली आहे, याला बसवून घेणे." डेंटिस्टच्या कार्डावर नुसतं, "बरोबर असतो. वैताग." मी काम संपलं की एकेक कार्ड वाचत बसायचे. परक्या देशात माझी मैत्रीण कुठली, तर ही, मी यायच्या आधीच निघून गेलेली. चहाला हाक मारावी आणि समोर बसून तिनं गिऱ्हाइकांच्या नकला कराव्यात, असं मला फार वाटायचं. अजूनही वाटतं.

या कामाबद्दल मनात काही सलत नव्हतं असं नाही. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीनं मला नीटच विचारलं, "मावशी, आपण बुद्धिस्ट ना? मग सम्यक आजीविकेत हे कसं फिट होतं?" मी म्हटलं, "अगं, ही माणसं कागदाला भोकं पाडतात." ती म्हणाली, "ओके, पण तिकडच्या फॅक्टरीत?" तिकडच्या पगारावर माझ्या धाकट्या बहिणीचं, नंदाचं, शिक्षण झालं होतं, तेवढंच मी सांगितलं. तो प्रश्न आजही मी खिशातच घेऊन फिरते.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते.

तिसऱ्या वर्षी पानगळीच्या दिवसांत अर्लच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन दिवस दुकानात मी एकटीच. काम उरकलं म्हणून फळ्या पुसायला घेतल्या. कॉफीच्या मशीनवरच्या फळीवर मागे एक पेटी होती, तिला कार्ड नव्हतं. उघडली. पन्नास पुंगळ्या, अर्लच्या स्वतःच्या रायफलच्या. एकतीस तोंड वर करून उभ्या, एकोणीस पालथ्या. पालथी म्हणजे राहिलेली, ही आमच्याकडची खूण. एकोणीस जणींची लांबी कापून झाली होती, चॅम्फर व्हायचं होतं, बर तशीच होती.

आमच्या कारखान्यात एक शिस्त होती. शिफ्ट संपताना टेबलावर अर्धवट काम ठेवायचं नाही. भोंगा वाजला तरी हातातला ट्रे पुरा करायचा आणि मगच उठायचं, कारण पुढची बाई आली की तिला कुठवर झालंय ते कळत नाही आणि तिथेच घोटाळे होतात. अकरा वर्षं हे हाडात मुरलेलं. मी खुर्चीत बसले आणि एकोणीस पुऱ्या केल्या. प्रत्येकीला अडीच फिरक्या. सगळ्या उलथून तोंड वर केल्या, नवं कार्ड लिहिलं, "पूर्ण", आणि पेटी जागेवर ठेवली. वर स्वतःवर खूशही झाले.

अर्ल आला तो डोळ्याला पट्टी लावून. कॉफी घ्यायला गेला आणि तिथेच थांबला.

"पॅम. ही पेटी."

"झाली ती."

"काय झाली?"

"एकोणीस राहिल्या होत्या. करून टाकल्या."

तो येऊन डोरोथीच्या खुर्चीत बसला. तीन वर्षांत मी त्याला त्या खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं. मग म्हणाला, "त्या दुपारी तिनं एकतिसावी ठेवली आणि म्हणाली, जरा पडते, उरलेल्या उद्या करीन. मग ती हॉस्पिटलातून परत आलीच नाही."

मी सॉरी म्हटलं, पण ते इतकं हलकं वाटलं की परत म्हणवेना. त्यानं एक पुंगळी उचलली, तोंडावरून बोट फिरवलं, दुसरी उचलली, तिसरी उचलली. त्याला डोरोथीच्या वेगळ्या काढायच्या होत्या. निघेनात. माझ्या आठ महिन्यांच्या मेहनतीचं फळ ते, आणि त्या क्षणी मला ते नकोसं झालं.

"उद्या येऊ नकोस," तो म्हणाला.

दुकान तीन दिवस बंद राहिलं. मी घरी रडत बसले. सुधाकर समजूत घालत होता, "अगं, पुंगळ्या त्या! नवीन आणून दे ना यार." मी त्याच्यावरच खेकसले. चौथ्या दिवशी राजीनामा लिहून नेला, तर अर्ल तो न वाचताच म्हणाला, "शुक्रवारी डेंटिस्टची ऑर्डर आहे." काम पूर्वीसारखं सुरू झालं. कॉफी तो पूर्वीसारखीच दोन कप करायचा. पण आधी माझा कप माझ्या टेबलावर आणून ठेवायचा, तो आता मशीनपाशीच ठेवू लागला. मी उठून जाऊन घ्यायचे.

जानेवारीत आई गेली. तिकीट मिळून नागपूरला पोचेपर्यंत सहा दिवस गेले, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कशीबशी हजर झाले. विमानात माझ्या डोक्यात एकच होतं, आईच्या लुगड्यात तोंड खुपसायचं. घरी गेले तर सगळं लखलखीत. नंदा म्हणाली, "ताई, तू यायच्या आत सगळं आवरलं बघ. आईची लुगडी धुतली, गादी उन्हात घातली, तिची पानाची पिशवीसुद्धा धुऊन टाकली."

मी लुगडं उचललं. साबणाचा वास.

"कुणी सांगितलं होतं तुला?" मी पाहुण्यांसमोर ओरडले. "कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

नंदा रडायला लागली. "घर नीट दिसावं म्हणून केलं ना गं, तू दमून येशील म्हणून." आईचं शेवटचं दुखणं तिनं एकटीनं काढलं होतं, आणि मी लांबून आलेली पाहुणी तिच्यावर ओरडत होते. तरी मला तिला जवळ घेता आलं नाही. तशीच परत आले.

दुकानात गेल्यावर अर्लला हे सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, पण त्या माणसाइतकं ते दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

"बहिणीशी बोललीस का नंतर?"

"नाही."

"तिकडे आता किती वाजलेत?"

"संध्याकाळ असेल."

"फोन कर. दुकानातला वापर." असं म्हणून तो कोटही न घालता बाहेर गेला आणि बर्फात गाडीला टेकून उभा राहिला. मी नंदाशी बोलले. आम्ही दोघी नुसत्या रडलो, बोलणं असं फार झालंच नाही. अर्ल आत आला तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते. त्यानं कॉफी केली आणि माझा कप माझ्या टेबलावर आणून ठेवला.

मग म्हणाला, "मी एप्रिलमध्ये नेमबाजीला जातोय. ती पेटी घेऊन."

डोरोथी गेल्यापासून त्यानं रायफल हातात धरली नव्हती. "पण त्या उडवल्या तर..." मी म्हटलं.

"माहीत आहे. नीट तयार केलेल्या पुंगळ्या मी अशा फळीवर ठेवल्यात हे कळलं असतं तर डोरोथीनं मला घराबाहेर काढलं असतं. इतके दिवस माझ्याकडे न जायला सबब होती. तू ती संपवलीस."

एप्रिलात तो दोन दिवस जाऊन आला. शेवटून तिसरा आला आणि लहान पोरासारखा खूश होता. वाऱ्यानं कसं फसवलं, कोण कसं आडवं पडून नेम धरत होतं, डेंटिस्टला कसा राग आला, सगळं हातवारे करून सांगितलं. मग पेटी माझ्यापुढे ठेवली. पन्नास पुंगळ्या, काजळीनं काळ्या, फुगलेल्या.

पुढे काय करायचं हे दोघांनाही ठाऊक होतं. डायमध्ये दाबायच्या, मग लांबी कापायची. आणि कापताना पहिलं पातं फिरलं की आधीची तिरकी कड जाते. डोरोथीच्या हाताची कड बारीक भुकटी होऊन ट्रेमध्ये पडणार होती.

"तू कर," अर्ल म्हणाला. "मी तेल आणायला जातो." आमच्याकडे तेलाचे दोन डबे भरलेले होते.

त्याची गाडी वळल्यावर मी बसले. पन्नास दाबल्या, पन्नास मापल्या, पन्नास कापल्या. पितळेची भुकटी ट्रेमध्ये साठली. त्यात एकतीस जणींचं डोरोथीचं होतं आणि एकोणीस जणींचं माझं, आता सगळं एकत्र. मग चॅम्फर घेतलं. बाहेरची बर, आतली कड, अडीच फिरक्या. एक, दोन, दहा, वीस. चपट्या झालेल्या पकडीत माझी बोटं आता आपोआप बसत होती. एकतिसावी केली, तोंड वर करून ठेवली, आणि अवजार खाली ठेवलं.

हात शिवशिवत होते. जेमतेम पंधरा मिनिटांचं काम. पण मी उरलेल्या एकोणीस पालथ्या घातल्या, एप्रन काढला, दुकानाला कुलूप लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर अर्धवट काम ठेवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा टेबलावर कॉफी होती. पेटी कॉफीच्या मशीनवरच्या फळीवर, तिच्या जागी होती. "पूर्ण" लिहिलेलं माझं कार्ड त्यानं काढून टाकलं होतं.

"एकतीस?" अर्लनं विचारलं.

"एकतीस."

"ठीक," म्हणाला, आणि डेंटिस्टच्या नावानं खडे फोडायला लागला.

मी लागल्याच्या नवव्या वर्षी अर्लनं दुकान आवरलं. लेथ विकला, डाय विकल्या. चॅम्फरचं अवजार आणि ती पेटी मला दिली. त्यानंतर दोन वर्षांनी तो गेला. आता सुधाकरही नाही. मी कॅरी नावाच्या गावी मुलीकडे असते, आणि संधिवातानं माझ्या बोटांत डबीचं झाकण उघडायचंही त्राण राहिलेलं नाही. दुकानाचा तो वास, गरम पितळ, तेल आणि कॉफी, कधी कधी फार आठवतो. त्या पेटीत डोरोथीच्या हाताचं खरं तर काहीच उरलेलं नाही. उरली आहे फक्त ती जिथे थांबली ती जागा.

गेल्या दिवाळीत घर आवरताना मुलीच्या हाती पेटी लागली. "आई, ही गराजमध्ये ठेवू? इट्स हाफ डन."

"नको. दे इकडे."

"उरलेल्या कधी करणार होतीस?"

"उद्या," मी म्हटलं, आणि पेटी परत माझ्या उशाशी ठेवली.